अकोल्याचा कूलर आणि मागचा झरोका

मे महिन्यात अमरावतीहून अकोल्याला जायचे तर पहाटेची एस.टी. गाठावी. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करीत ऊन तापायच्या आत माणूस पोचतो. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता रुंद झाला. आमच्या बहिणीच्या गल्लीत मात्र सायकल आडवी लावली की वाट बंद.

बहिणीचे घर भाड्याचे. दोन खोल्या, वर टिनपत्रे, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. समोर दार व एक खिडकी. जावयांना फुप्फुसाचा क्षय निघाला, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी आत गेलो तो अंगाला चिकटणारी दमट हवा. खिडकीला गोधडी लावलेली, दार ओढलेले आणि स्टुलावर कूलर घरघरतोय.

"खिडकी उघड की जरा," मी म्हटले.

"उघडली त थंड हवा निघून जाते ना दादा!"

पुष्कळ घरी हीच समजूत आहे. कूलरमध्ये ओल्या ताट्यांतून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर हवेतली उष्णता निघते. बाहेरची कोरडी हवा मिळाली तरच हे काम चालते. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते. गारवा कमी, घाम जास्त. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत तरंगतात, तेही तिथेच फिरतात. घरात दोन लेकरे.

पेरू देशातील लिमा शहरात ८ दवाखान्यांच्या ७० खोल्यांमध्ये संशोधकांनी कार्बन डायऑक्साइड सोडून तो किती वेगाने निघून जातो हे मोजले. २००७ साली ते प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलली, बंद असतानाच्या १८ पट. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस १२ वेळांची. उंच छत व मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत ४० वेळा, नव्यांत १७. वाचून मला आमची जुनी कचेरी आठवली. तिथले छताजवळचे झरोके आम्हीच पुठ्ठे लावून बंद केलेत, फायली उडतात म्हणून.

बहिणीच्या मागच्या भिंतीतही उंचावर झरोका होता. नालीचा वास आणि डास, म्हणून विटांनी बुजवलेला. घरमालक आधी "माझी भिंत फोडू नका" म्हणाले. जावयांच्या आजाराचे सांगितल्यावर निवळले. दुपारी विटा काढल्या, डासांची जाळी ठोकली. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवला, तोंड आत. आता बाहेरची हवा गार होऊन आत येते, आणि पत्र्याखाली साचलेली गरम हवा वरच्या झरोक्यातून निघते. रात्री कूलर बंद केला तरी दोन्ही उघडे ठेवायचे, असे बहिणीला सांगितले. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. हवा हे औषध नव्हे, घरातल्या इतरांचा बचाव आहे.

यंत्र आमच्याजवळ नव्हते. भाचीने उदबत्ती पेटवून बाजेजवळ धरली. धूर क्षणभर तिथेच घुटमळला, मग तिरपा होत मागच्या भिंतीकडे सरकला आणि जाळीतून बाहेर गेला. तिने पुन्हा एक पेटवली.