केशकर्तकाची खुशी आणि मालकाचा गल्ला

संपादकांनी विषय हलकाफुलका सुचविला होता: केस कापणाऱ्या कारागिराला बिलाखेरीज काही द्यावे काय, आणि द्यावयाचे झाल्यास किती. कामगार कायद्याच्या वकिलाकडून दिवाळी अंकासाठी असा लेख मागविण्यात त्यांचा जो काही हेतू असेल तो असो; परंतु अलीकडेच एका मोठ्या केशकर्तनालयाच्या मालकातर्फे मी एक उपदानाचे प्रकरण चालविले, ते जिंकले, आणि जिंकल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून ही आज्ञा मी तत्काळ शिरसावंद्य मानली. कायद्याची कलमे वाचकांच्या माथी मारणार नाही असे वचन त्यांनी माझ्याकडून घेतले आहे. ते यथाशक्ति पाळीन.

उपदान म्हणजे ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात ते. अनेक वर्षे एकाच खुर्चीमागे उभा राहिलेला एक कारागीर राजीनामा देऊन बाहेर पडला आणि त्याने दावा लावला की, मूळ पगार, केलेल्या कामावरचे कमिशन आणि गिऱ्हाइकांची टिप या तिहींची बेरीज हीच माझी खरी मिळकत असल्यामुळे उपदानाचा हिशेब तिहींवर व्हावा. मालकाची कैफियत मी लिहिली. 1972 च्या अधिनियमातील वेतनाच्या व्याख्येत महागाई भत्ता येतो, पण बोनस, कमिशन, घरभाडे, जादा कामाचा मोबदला आणि इतर भत्ते नावानिशी वगळलेले आहेत. आणि टिप तर मालकाने नोकरीच्या शर्तीनुसार दिलेली रक्कमच नव्हे, ती परक्या माणसाने स्वखुशीने दिलेली. यात किती रुपयांचा फरक पडतो हे कळावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मूळ वेतन 12,000 रुपये, सेवा 9 वर्षांची. प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस 26 धरून. उपदान झाले सुमारे 62,308 रुपये. महिन्याची 6,000 रुपये टिप त्यात धरली असती तर तेच सुमारे 93,462 झाले असते. (2025 च्या नोव्हेंबरात श्रमसंहिता अमलात आल्यापासून वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्यास वरचा भाग वेतनात धरावा लागतो, त्यामुळे कमिशनवाल्या कारागिराला थोडा दिलासा आहे, टिपेला मात्र तो नाही. वचनभंग झाला खरा, पण आता वाचलेतच.)

नियंत्रक प्राधिकाऱ्यांनी माझा मुद्दा मान्य केला. परंतु त्या कारागिराने आपल्या जबानीत सांगितले होते की, नोकरीस ठेवतानाच शेट म्हणाले, ‘पगार थोडा आहे, पण आपल्याकडे वरचे पुष्कळ मिळते.’ शेटनी ते नाकारले नाही. नाकारण्याचे कारणही नव्हते, कारण या धंद्यात जो तो हेच म्हणतो. म्हणजे एकच रक्कम नोकरी देताना पगारात मोजावयाची आणि नोकरी सुटताना पगारातून वजा करावयाची, अशी ही दुहेरी खतावणी आहे, आणि कायद्याने ती बिनचूक ठरते. रामबाग पॅलेस हॉटेलच्या 1976 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टिप हे वेतन मानणे कठीण आहे असे म्हटले, तेव्हाच असेही बजावले की, नोकरांना टिप मिळते या सबबीवर महागाई भत्ता कमी करण्याचा किंवा वाढ नाकारण्याचा हक्क मालकाला सांगता येणार नाही. या निकालाचा पूर्वार्ध मी वाचून दाखविला. उत्तरार्धाची मला गरज नव्हती आणि समोरच्या बाजूला तो सुचला नाही. वकिलाचे कर्तव्य तिथे संपते असे आम्हांला शिकविलेले आहे.

लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, बिलापेक्षा पन्नास रुपये जास्त पाठविले म्हणजे ते केस कापणाऱ्याच्या हाती पडले. पूर्वी ते खरे होते. कारागीर मानेवरचे केस ब्रशाने झाडी, पावडर लावी, मागून आरसा धरी, आणि उठता उठता दिलेली नोट आरशाखालच्या पत्र्याच्या डब्यात जाई. त्या डब्याकडे मालक पाहत नसे. आता गिऱ्हाईक गल्ल्यापाशी उभे राहून क्यूआर कोडावर मोबाईल धरते, आणि तो कोड मालकाच्या खात्याचा असतो. माझ्या प्रकरणातील कारागिरांनी आपापले कोड छापून कंगव्यांच्या खणाच्या झाकणाला आतून चिकटविले होते, म्हणजे खण उघडला की गिऱ्हाइकाला ते दिसावेत. व्यवस्थापकाने एके दिवशी सगळे खरवडून काढले. कारण काय, तर दुकानाची शोभा जाते.

गल्ल्यात आलेली टिप कोणाची, हा माझा आवडता वाद आहे. आयटीसीच्या हॉटेलांच्या 2016 च्या प्रकरणात प्रश्न होता आयकर-कपातीचा: कार्डावरून आलेली टिप हॉटेलने नोकरांत वाटली, तर तो पगार समजून मालकाने कर कापावयाचा काय? न्यायालय म्हणाले, नाही. मालक येथे केवळ विश्वस्त म्हणून पैसे हाताळतो. तो निर्णय कराचा आहे, वाटपाचा नव्हे, असे प्रतिपक्ष म्हणेल आणि ते बरोबरही आहे. परंतु जो विश्वस्त आहे त्याने ठेव आपल्या खिशात घालू नये, हे सांगण्यासाठी स्वतंत्र कायदा लागावा काय? ब्रिटनला तो लागला. तेथे 2023 चा कायदा 1 ऑक्टोबर 2024 पासून चालू झाला, आणि त्याने टिपेतील रक्कम, करकपात सोडता, पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत कामगारांत वाटून टाकण्याचे बंधन मालकावर घातले. अमेरिकेत याच्याही पलीकडची गंमत झाली. आयोवा राज्याने टिप घेणे हा गुन्हाच ठरविला होता, आणि टिप घेतली म्हणून एका केशकर्तकाला धरण्यात आले. 1919 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला, कारण त्याच दुकानात शेजारच्या खुर्चीवर मालकाने स्वतः केस कापून टिप घेतली तर तो गुन्हा नव्हता, नोकराने घेतली तर होता. या निकालाविषयी मी मित्रमंडळींत इतके बोललो आहे की आयोवा म्हटले की ते चहा मागवतात.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. बलुतेदारीत न्हाव्याला प्रत्येक हजामतीची किंमत नव्हती. वर्षभराच्या कामाचे बलुते सुगीत खळ्यावर मिळे, आणि जावळ, लग्न अशा प्रसंगी नारळ, शिधा, वस्त्र असा मान. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त ही सारी व्यवस्था, तिच्यावरील त्यांच्या नाराजीसह, सविस्तर आलेली आहे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, ही त्या व्यवस्थेची खोड टिपेतही उतरलेली असल्यामुळे काही स्वाभिमानी कारागीर ती घेताना संकोचतात. पण टिप नाकारणारा मालक-कारागीर मी पाहिला आहे, पगारावरचा कारागीर पाहिलेला नाही.

आता किती, हे सांगितलेच पाहिजे. गल्लीतल्या दुकानात पुष्कळदा पगार नसतोच, वाटा असतो. निम्मा मालकाचा, निम्मा कारागिराचा. दीडशे रुपयांच्या कामात त्याच्याकडे पंचाहत्तर येतात, म्हणून तुम्ही दिलेली विसाची नोट तुमच्या लेखी किरकोळ असली तरी त्याच्या वाट्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असते. तेथे विसाची नोट द्यावी, आणि ती रोख द्यावी. मोठ्या सलूनमध्ये कर वगळून बिलाच्या दहा टक्क्यांपर्यंत पुरे. मात्र केस धुऊन देणारा पोऱ्या निराळा असतो आणि त्याला कमिशन बहुधा नसते, त्याचे वेगळे द्यावे. दिवाळीची पोस्त एका वेळच्या कामाच्या दराइतकी असावी. मालक स्वतः कापत असेल तर देण्याचे बंधन नाही, कारण दर त्यानेच ठरविलेला असतो. आयोवाच्या न्यायाधीशांनी हे ऐकले असते तर पुन्हा भेदभावाचा प्रश्न काढला असता, पण भेद येथे खराच आहे.

हल्ली मालकांसाठी नेमणूकपत्राचा मसुदा करताना मी त्यात एक कलम घालतो: गल्ल्यात आलेली टिप ज्याच्या कामावर आली त्याच्या नावे रोजमेळात वेगळी लिहावी आणि त्या आठवड्यातच त्याला द्यावी. बहुतेक मालक ते कलम काढून टाकावयास सांगतात. मी काढून टाकतो, आणि पुढच्या मसुद्यात पुन्हा घालतो.