नाडी किती पळावी?

आमच्या वस्तीतल्या बाया पहाटे विहाराच्या मैदानात चालायला लागल्या तेव्हा पहिला प्रश्न निघाला, किती जोरात चालायचे? घाम आला की पुरे, असे कुणी म्हणे. पण मे महिन्यात बसल्या जागी घाम येतो, त्याचे काय?

उत्तर आपल्या मनगटात आहे. मनगटाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवावीत. चालणे थांबवल्याबरोबर १५ सेकंद ठोके मोजून त्याला ४ ने गुणावे. गप्पा मारून मग मोजले तर नाडी उतरलेली असते. आता २२० मधून आपले वय वजा करावे. माझे वय ५२, म्हणून १६८. मध्यम व्यायामात नाडी याच्या ५० ते ७० टक्के असावी, म्हणजे ८४ ते ११८. पंधरा सेकंदांत २१ ते २९ ठोके.

एकदा पाण्याची कळशी तिसऱ्या माळ्यावर चढवून मोजले, तर ३१ भरले! भगिनींनो, आपल्या या कष्टाला कुणी व्यायाम म्हणत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली, त्यात घरकाम आणि कामावरची मेहनतही धरली आहे.

आमच्या ह्यांचे मात्र निराळे. वय ५८, रक्तदाबासाठी अटेनोलॉलची गोळी. हिशोबाने ८१ ते ११३ यायला हवेत, पण झपझप चालूनही ठोके ८० च्या वर जाईनात. मग हे चक्क पळू लागले आणि धापा टाकत घरी आले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही गोळी नाडीला लगाम घालते. आकड्याच्या मागे लागू नका, आणि मनाने गोळीही बंद करू नका."

मुळात २२० चा हिशोब ही १९७० च्या सुमारास अमेरिकेत फॉक्स आणि हॅस्केल यांनी मांडलेली सरासरी. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा डॉक्टरबाईंची खूण सोपी: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येईना तर वेग कमी करावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

हल्ली हे शेजाऱ्यांशी पेन्शनच्या गोष्टी करत चालतात. मध्येच भीमगीत सुरू झाले की मी मागून ओरडते, "अहो, पाय उचला!"