सेल संपल्यावर

आमच्या कोकणात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. म्हणून वर्गात 'वापरलेल्या बॅटऱ्या आणा' असे सांगितल्यावर एक मुलगा आजोबांची टॉर्चच घेऊन आला. तेव्हापासून मी सेल असेच म्हणते.

माझ्या माहेरी संपलेला सेल फुकट जात नसे. अम्मी तो फोडून आतली काळी पूड शेणात कालवायची. सारवलेली जमीन काळीभोर दिसायची. मधल्या कांडीने आम्ही अंगणात लंगडीचे चौकोन आखायचो. ती पूड मँगनीजची. तिची धूळ श्वासातून सतत जात राहिली तर मेंदूला अपाय होतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होते! पण तेव्हा घरात सेल असायचे दोनच. आता मोजून पाहा: रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, अजानचे घड्याळ, बीपीचे मशीन, आखातातून आलेली मुलांची खेळणी.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी टाकत नाही. तिच्यात शिसे असते, त्याला भाव आहे. भंगारवाला दारातून उचलून नेतो. पेन्सिल सेलला तो हात लावत नाही. मग तो परसात जातो, विहिरीपासून चार पावलांवर. सेल चालतो तेव्हा त्याचे जस्ताचे डबडेच झिजत असते, म्हणून तो पाझरतो. 2001 चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. 2022 च्या नियमांत सगळे सेल आले. ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची, वेगळे ठेवून देण्याची आपली. मी एका दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "टीचर, विकलेला माल परत कशाला आणता?"

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. औषधे, रंगाचे डबे, सेल, सगळे एकाच चिखलात गेले. म्हणून वर्गातली सेलची बरणी मी कपाटाच्या अगदी वर ठेवते. बरणी प्लास्टिकची आणि कोरडी. बटणासारख्या आणि चार्जिंगच्या सेलना चिकटपट्टी लावायची, नाहीतर एकमेकांना टेकून ते तापतात. बटण सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा.

बरणी भरली. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या एका पुनर्वापर कारखान्याला फोन केला. "किती माल आहे?" मी वजन करून सांगितले, साडेतीन किलो. पलीकडचा माणूस हसला, पण वाईट हेतूने नव्हे. एवढ्यासाठी गाडी पाठवणे परवडत नाही, म्हणाला.

एका विद्यार्थिनीचे मामू मालाची गाडी घेऊन मुंबईला जातात. पोते भरले तर पोहोचवतो, म्हणालेत. गोवळकोट आणि पेठमापच्या ओळखीच्या शिक्षिकांनी आपापल्या वर्गात बरण्या ठेवल्या आहेत. पोत्याला अजून बराच अवकाश आहे.