पोटावरची चरबी कोणत्या सालची?

अहो, थांबा! हातातलं काम ठेवा बाजूला! मी डॉक्टर नाही, बारावीच्या जीवशास्त्रात बेडकाच्या पुढे सरकले नाही, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

आपल्या चरबीचं वय काढता येतं! आणि कशावरून? अणुबॉम्बवरून! १९६३ पर्यंत उघड्यावर अणुचाचण्या चालल्या, उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला, आणि मग तो पिकांत गेला, आणि मग दुधातुपात, आणि मग थेट माणसांच्या अंगात! चाचण्या थांबल्यावर हवेतलं त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. म्हणून चरबीतला कार्बन मोजायचा, की नाण्यावरचं साल वाचावं तसं ती कधी साठली ते कळतं! काय डोकं आहे!

हे डोकं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग, पीटर आर्नर या मंडळींचं. चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघा एकदा! आत तेलाचा एकच भलामोठा थेंब आणि बिचारं केंद्रक कडेला चेपलेलं! २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरलं तरी संख्या तीच, पेशी नुसत्या रोडावतात! चिवट मेल्या!

आणि २०११ मध्ये तर कहरच! आतल्या तेलाचं सरासरी वय फक्त १.६ वर्षं! म्हणजे माझ्या कमरेवर लग्नातल्या जिलब्या नाहीतच हो, अलीकडच्या दिवाळ्यांच्या चकल्या आहेत!

आता रक्ताकडे या. लठ्ठपणात पेशी चरबी जास्त भरतात आणि सोडतात मात्र सावकाश. पण काही घराण्यांत रक्तातली चरबी वाढण्याचा आजार पिढ्यानपिढ्या चालतो. तिथे पेशी चरबी आत घ्यायलाच कुरकुरतात, घेतलेली लवकर सोडतही नाहीत, आणि मग उरलेली रक्तातच फिरत बसते, आणि मग अंगाने सडसडीत माणसाच्या रिपोर्टातही ट्रायग्लिसराइड्स ठळक अक्षरांत! सडसडीत माणसाच्या! मी तर वजनकाट्यावरच विसंबून होते!

तेव्हा उठा, कपाटातली फाइल काढा, लिपिड प्रोफाइलचा कागद शोधा आणि कोलेस्टेरॉलवरच न थांबता ट्रायग्लिसराइड्सची ओळ वाचा. उपाशीपोटी १५० च्या आत असेल तर छान. नसेल तर डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको!