बिगरहंगामात पचमढी

शिक्षकाच्या नशिबी सुट्ट्या पुष्कळ, पण त्या नेमक्या साऱ्या जगाला सुट्टी असते तेव्हाच्या. मे महिन्यात आम्ही मोकळे, तर सारे इंदूर मोकळे. दिवाळीत आमची शाळा बंद, तर गाडीचे आरक्षण त्याच्या कितीतरी आधीच बंद. त्यामुळे आपल्याच प्रांतातील सातपुड्याच्या माथ्यावर वसलेली पचमढी पाहावी, हा बेत आमच्या घरी सत्तावीस वर्षे पुढे ढकलला जात होता. सौ. त्याविषयी फारशी बोलत नसे. पण तिचे माहेर वरूडचे आणि वरूडकरांना पचमढी म्हणजे हवा खाण्याची जागा नव्हे, तो महादेवाचा डोंगर. तिची आई नागपंचमीच्या सुमारास सात वर्षे नागद्वारीला पायी गेली होती. हे आम्हाला ठाऊक होते, पण सहलीचा बेत आखताना ते आमच्या ध्यानात राहिले नाही. या लेखाचे प्रयोजन त्या विसरण्यातच आहे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा आम्ही ठरवले की आता हंगामाची वाट पाहायची नाही. हॉटेलवाले ज्याला ‘ऑफ सीझन’ म्हणतात त्या पावसाळ्यातच जायचे, आणि उभयतांचा चार दिवसांचा खर्च दहा हजारांच्या आत बसवायचा. एक जुनी वही घेऊन तिच्यात रकाने आखले. मुख्याध्यापकाला वेळापत्रक आखण्याचे व्यसनच असते. त्या दोन-तीन संध्याकाळी आमच्या फार आनंदात गेल्या, हे कबूल केले पाहिजे.

वहीत जे जे उतरले ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देतो. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे ५२४ चौरस किलोमीटर. त्याला लागून बोरी आणि पचमढी ही अभयारण्ये. पैकी बोरीचे जंगल १८६५ सालापासून राखीव असून आपल्या देशातील राखीव जंगलांत त्याचा मान पहिला. वाघ-अस्वले पाहण्यासाठी लोक जातात ते मढईला, देनवा नदीच्या काठी. परंतु तो भाग १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो. रस्ते चिखलात रुततात आणि जनावरांनाही निवांतपणा लागतो. तेव्हा ज्याला वाघच पाहायचा आहे त्याने पावसाळ्यात घर सोडू नये. पचमढीचे पठार मात्र बारा महिने उघडे. साधारण १०६७ मीटर उंचीवरील हे गाव जंगलाने चहूकडून वेढलेले आहे, आणि जवळच धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर सुमारे १३५० मीटरांवर उभे आहे.

इंदूरहून जाण्यास नर्मदा एक्सप्रेस सोयीची. भोपाळ, इटारसी करीत ती पिपरियाला पोचवते. तेथून बसने पन्नासेक किलोमीटर. वाटेत मटकुलीला छिंदवाड्याकडील रस्ता येऊन मिळतो आणि मग घाट सुरू होतो. प्रवासाचा हा भाग स्वस्तच असतो. पावसाळ्यात खोलीचे भाडेही निम्म्यावर येते. खरा खर्च आहे तो जीपचा. उद्यानाच्या हद्दीतील कित्येक ठिकाणी स्वतःची मोटार चालत नाही. नोंदणी झालेली जीप आणि वनखात्याची पावती घ्यावी लागते. भाडे पडते ते माणशी नव्हे, गाडीमागे. हंगामात सहा अनोळखी माणसे मिळून ते वाटून घेतात. बिगरहंगामात खोली स्वस्त होते खरी, पण वाटून घ्यायला माणूस मिळत नाही! हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आमच्या आला, म्हणून आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

याच खुशीत आम्ही आणखी एक बचत केली. पावसात खोल्या रिकाम्याच पडलेल्या असणार, मग आगाऊ पैसे कशाला भरायचे? तेथे जाऊन घासाघीस करू. नागपंचमीच्या आधीचा रविवार आणि त्याला जोडून किरकोळ रजा असे दिवस निश्चित झाले. शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत नागपंचमीची तारीख आम्ही स्वहस्ते लिहिली होती. परंतु ती तारीख आणि सासूबाईंची यात्रा यांची सांगड काही आमच्या डोक्यात पडली नाही.

ती पडली पिपरियाच्या बसस्थानकावर. पहाटेची वेळ, बारीक पाऊस, आणि जिकडे पाहावे तिकडे माणसेच माणसे. डोक्यावर प्लास्टिकचे कापड, खांद्यावर भाकरीचे गाठोडे, हातात काठी, आणि तोंडी आपली मराठी! नागपूर, अमरावती, वर्धा, छिंदवाडा. वऱ्हाडी बोली कानांवर पडताच सौ.चा चेहरा पालटला. ‘अहो, ही नागद्वारीची जत्रा,’ ती म्हणाली, आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की वहीतील सारे रकाने आम्हाला पुसून टाकावेसे वाटले.

पचमढीत एकही खोली रिकामी नव्हती. ज्याला आम्ही बिगरहंगाम समजलो होतो तो तेथला भर हंगाम होता. तीन तास भिजत हिंडल्यावर एका घरात मागील पडवीलगतची खोली मिळाली, तीही आम्ही कल्पिलेल्या भाड्याच्या दुपटीने. त्यात दोष घरमालकाचा नव्हता, आमच्या शहाणपणाचा होता. जीपसाठी राखलेले पैसे त्या खोलीतच गेले.

मग उरले ते पायी पाहण्याजोगे. पहिल्या दिवशी जटाशंकर झाले. दोन उंच कड्यांमधील घळीत उतरत गेलेली ती वाट, वरून ठिबकणारे पाणी आणि खाली अंधारातले शिवलिंग. पांडव लेणीही पाहिली. पचमढीचा खडक वालुकाश्म. तो पाणी पिऊन बसतो आणि वर्षभर झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. म्हणून येथील दऱ्यांतून नेच्यांचे असंख्य प्रकार वाढतात, त्यांत माणसाहून उंच वृक्षनेचेही आहेत. भोवतीचे डोंगर सागाचे, तर पठारावर सालवृक्षांचे वन. ही दोन झाडे येथे एकमेकांना भेटतात. झाडांच्या शेंड्यांवरून शेकरू उड्या घेते. ही सारी संपत्ती उन्हाळ्यात असते तेव्हा निम्मी झोपलेली असते. पावसाळ्यात प्रत्येक कातळ हिरवा आणि प्रत्येक ओहोळ बोलका होतो. धूपगडावरून सूर्यास्त दिसणार नाही, हे मात्र आधीच मान्य करावे. तेथे ढगच आपल्याला पाहायला येतात.

या डोंगरांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले १८१८ साली याच महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिले होते. पुढे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१ मधील आपल्या पुस्तकातून हा मुलूख इंग्रजी वाचकांना परिचित करून दिला; त्यांनी बांधलेला बायसन लॉज आजही उभा आहे. मग मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून येथे येऊ लागले आणि पचमढी साहेबांची झाली. ‘हंगाम’ हा शब्द तेव्हापासूनचा. परंतु साहेब उन्हाळ्यात येई. विदर्भातील शेतकरी आपल्या सवडीने, पावसात येत राहिला. त्याला कोणी ऑफ सीझनची सवलत दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या पडवीतील वऱ्हाडी बायका निघाल्या, तेव्हा सौ. दारात उभी होती. आईची हकीगत तिने आदल्या रात्रीच त्यांना सांगितली होती. त्यांतील एक म्हातारी म्हणाली, ‘तुमची माय सात वर्सं आली, तं तुम्ही काहून मांगं राह्यता? चाला न बाई!’ सौ.ने आमच्याकडे पाहिले. तिच्या गुडघ्यांचे औषध चालू आहे. ही जाऊन-येऊन बारा-पंधरा किलोमीटरांची, चढ-उतारांची चाल. सात डोंगर ओलांडावे लागतात असे यात्रेकरू सांगतात. व्याघ्र प्रकल्पातील ही वाट केवळ या यात्रेच्या दिवसांतच उघडते, एरवी तेथे माणसाला मज्जाव. आमच्या वहीत या गोष्टीला रकाना नव्हता. आम्ही ‘नको’ म्हणणार होतो. पण सत्तावीस वर्षांत तिने मागितलेले हे बहुधा पहिलेच स्थळ असावे, हे आठवले आणि आम्हीही काठी घेतली.

काजरीपर्यंत आम्ही टिकलो. निसरडे दगड, घोटाभर चिखल, एका बाजूस धुक्याने भरलेली दरी. माणसांची रांग मात्र अखंड. ठिकठिकाणी विदर्भातील मंडळांनी अन्नछत्रे लावलेली आणि ‘हर हर महादेव’चा गजर. काजरीला आमचा श्वास पुरेना. सौ. म्हणाली, ‘तुम्ही बसा. मी येते.’ आणि ती त्या बायकांबरोबर धुक्यात शिरली.

आम्ही एका ताडपत्रीखाली बसून राहिलो. दूरध्वनीला संपर्क नव्हता. पाऊस वाढला. एक तास, दोन तास, चार तास. परतणाऱ्या प्रत्येक हिरव्या लुगड्याकडे पाहून आम्ही उठत होतो आणि बसत होतो. आयुष्यभर आम्ही इतरांची वेळापत्रके आखली. त्या दिवशी आमच्या हाती वाट पाहण्याखेरीज काही नव्हते. गुडघा आखडला तर? शिडीवर पाय घसरला तर? स्वस्त सहलीचा आमचा सारा अभिमान त्या ताडपत्रीखाली गळून पडला.

पाचव्या तासाला ती आली. कमरेपर्यंत चिखल, त्या म्हातारीच्या खांद्यावर हात. आम्ही काही विचारण्याआधीच ती खाली बसली आणि बराच वेळ गप्प राहिली. मग एवढेच म्हणाली, ‘आई अनवाणी यायची हो.’ गुळाचा चहा आला. तो पिताना ती आपल्या पायांतील बुटांकडे पाहत होती.

परतल्यावर वही पुन्हा काढली. एकूण खर्च अकरा हजार चारशे. धूपगड नाही, रजत प्रपात नाही. आमच्या मूळ हिशेबाप्रमाणे ही सहल तोट्याची ठरते. तरीही आमच्यासारख्या बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांना आम्ही सांगू की पचमढीला पावसाळ्यात अवश्य जावे. मात्र आधी पंचांग पाहावे. नुसता निसर्ग आणि निवांतपणा हवा असेल, तर नागपंचमी उलटल्यानंतर, लागून येणाऱ्या सुट्ट्या टाळून, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जावे. खोल्या खरोखरच स्वस्त मिळतात. खोली मात्र आधी ठरवूनच निघावे. जीप वाटून घेण्यासाठी ओळखीचे एखादे कुटुंब घरूनच बरोबर न्यावे. पावसासाठी एक दिवस मोकळा ठेवावा. धबधब्याखालील डोहात कोणी किती आग्रह केला तरी उतरू नये. वर कोठे पाऊस झाला हे खाली कळत नाही आणि पाणी क्षणात चढते. धबधब्याचा रस्ता बंद असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये. जंगल आणि वाघ हवे असतील तर ऑक्टोबरचे पहिले दिवस, दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी, साधावेत.

आणि बेत आखण्यास बसाल तेव्हा वही उघडण्यापूर्वी घरातील माणसांना एकदा विचारावे की त्यांना कोठे जायचे आहे, आणि का. आमच्या वहीत तो रकाना आता पहिला आहे. येत्या वर्षीच्या पानावर त्यात सौ.ने स्वतःच्या हाताने ‘नागद्वारी’ असे लिहिले आहे. गुडघ्यांची तपासणी दिवाळीनंतर करून घ्यायची आहे, आणि आम्ही रोज सकाळी तीन किलोमीटर चालण्यास प्रारंभ केला आहे.