पानाचे चित्र

हिरवा रंग पूर्वी पावसाचा असे. आता तो दुकानदारांचा झाला आहे. साबणाच्या वेष्टनावर पान, चहाच्या पुड्यावर पान, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवरही पान! कंपन्यांना एकाएकी पृथ्वीची काळजी वाटू लागली आहे, आणि ती वाटते आहे हे आपल्याला कळावे याची त्यांना त्याहूनही अधिक काळजी आहे.

मला या काळजीची चेष्टा करायची नाही. न वाटण्यापेक्षा वाटलेली बरी. प्रश्न एवढाच, की खरी काळजी ओळखावी कशी?

आमच्या मालवणच्या मासळीबाजारात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. बांगडा ताजा असल्याचे विकणारी बाई शपथेवर सांगते. घेणारी ते ऐकून घेते आणि कल्ला उचलून पाहते. कल्ला लालभडक असला, तर शपथ खरी. यात कुणी कुणावर रागावत नाही. एकीने बोलायचे, दुसरीने बघायचे, हा रीतीचा व्यवहार आहे. कंपनीच्या पानाला मात्र कल्ला नसतो.

मागे किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात दोन रात्री राहण्याचा योग आला. न्हाणीघरात एक छापील कार्ड होते: समुद्र वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा. मी आज्ञाधारकपणे वापरला. पण खोलीत रोज पाण्याच्या चार नव्या प्लॅस्टिकच्या बाटल्या येत, आणि सांडपाणी कुठे जाते असे विचारताच व्यवस्थापकांना दुसरे काम आठवे. टॉवेल न धुतल्याने समुद्र किती वाचला ते समुद्र जाणे. धोब्याचे बिल मात्र खात्रीने वाचले.

गंमत अशी, की अशाच एका कार्डातून एक शब्द जन्माला आलेला आहे. जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाला फिजी बेटांवरच्या एका हॉटेलात असेच कार्ड दिसले होते. प्रवाळ वाचवण्यासाठी टॉवेल जपून वापरा, असे ते सांगत होते. आणि हॉटेल स्वतः मात्र किनाऱ्यावर हातपाय पसरत होते. त्यावरून 1986 साली त्याने ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द वापरला. आपण त्याला हिरवा मुलामा म्हणू. आपल्याकडे भांड्यांना कल्हईही करतात आणि मुलामाही देतात. कल्हई आतून असते, जेवणाऱ्यासाठी. मुलामा बाहेरून असतो, बघणाऱ्यासाठी.

प्रवाळ आमच्या समुद्रातही आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्या पाण्याला कार्ड वाचता येत नाही. त्याला फक्त सांडपाणी कळते.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे नाही. 1991 साली ‘इकोमार्क’ नावाची खूण निघाली. खूण म्हणून मातीचे मडके घेतले होते. किती समर्पक! मातीतून येते, फुटले की मातीत जाते. पण फारच थोड्या कंपन्या त्या मडक्याच्या वाटेला गेल्या. मडके मिळवायला कसोटीला उतरावे लागे. पानाला एक चित्रकार पुरे होता. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम केले, की ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ असे मोघम शब्द पुराव्यावाचून वापरू नयेत; आणि गुण मालाचा, तो करण्याच्या रीतीचा की नुसत्या वेष्टनाचा, तेही सांगावे. म्हणजे कल्ला उघडून दाखवा, असेच हे फर्मान झाले.

कुणी म्हणेल, कोकणी माणसाला हे शिकवायला नको. तो मुळातच निसर्गाचा. मला हा अभिमान पटत नाही. पूर्वी जेवण केळीच्या पानावर होई, आंब्याच्या पेटीत पेंढा भरत, बांधायला सुंभ असे, हे खरे. पण प्लॅस्टिकची पिशवी आली तेव्हा आम्ही तिला ओवाळायचेच काय ते बाकी ठेवले! माझ्या वृद्ध मावशीला मी एकदा विचारले, की तुमच्या वेळी हे सगळे किती शुद्ध होते, नाही? ती म्हणाली, “शुद्ध कसला रे, दुसरा काय गावत नव्हता म्हणान.” गरजेला सद्गुण म्हणवून घेण्याची हौस तिला नव्हती. आता त्याच पेंढ्याचे आणि सुंभाचे फोटो छापून माल चढ्या भावाने विकला जातो.

या सगळ्याचा मला फार विचार करावा लागला तो माझ्या भाचीमुळे. ती कोकमाचे आगळ आणि आमसुले करून विकते. हाताखाली चार बायका आहेत. मे महिन्यात रातांबे फोडायचे, साली रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, बियांचे मुठेल काढायचे. पहिला पाऊस यायच्या आत हे आटोपले पाहिजे. दुकानात तिच्या बाटलीशेजारी एका मोठ्या कंपनीची बाटली असते. तिच्यावर पान आहे. खप तिचा अधिक. भाची म्हणाली, “मामा, मलाही चार ओळी लिहून दे ना. पान मी काढून घेते.”

मी विचारले, “बाटली काचेची, पण बूच कसले?”

“प्लॅस्टिकचे.”

“आणि मुठेल काढायला जळण?”

“लाकूड. वाडीतलीच सुकी झाडे.”

“मग तेच लिहू.”

“खरे लिहिले तर खपेल का?” तिने विचारले. हा प्रश्न चार घरांच्या चुलींचा होता. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरी मी लिहून दिले: रातांबे कुठल्या वाडीतले, साली उन्हात वाळवलेल्या, रंग घातलेला नाही, रिकामी बाटली आणून दिल्यास परत घेऊ, बूच मात्र प्लॅस्टिकचे आहे. शेवटचा शब्द ती खोडील असे मला वाटले होते. तिने तो छापला. दुकानदार म्हणाला, “हे कशाला लिहिलंत? कुणी विचारलं होतं?”

खप फारसा वाढलेला नाही, हे सांगितले पाहिजे. पण एक झाले आहे. ती ओळ रोज डोळ्यांसमोर असल्याने भाचीला चैन पडत नाही. ती दुसऱ्या बुचाच्या शोधात आहे. आगळाचे मीठ आणि आंबटपणा सोसेल असे स्वस्त बूच अजून मिळालेले नाही. पानाचे चित्र छापले असते, तर शोध त्याच दिवशी संपला असता.