बार्नमची सही

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या नातवानें मला विचारलें, "आजोबा, सर्कशीचा मालक फार श्रीमंत असतो का हो?" सूनबाईंनीं त्याला अभ्यासाची आठवण करून दिली, मला मात्र प्रश्न रास्त वाटला. कारण अशाच एका मालकाचें आत्मचरित्र मीं २००५ सालीं, स्वतः कर्जाच्या विवंचनेंत असतां, एका स्नेह्याकडून आणून वाचलें होतें.

या मालकाचें नांव फिनियस टेलर बार्नम. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत, बेथेल गांवीं, ५ जुलै १८१० रोजीं तो जन्मला. त्याच्या उद्योगाचा आरंभ मुळींच वंदनीय नाहीं. जॉइस हेथ नांवाच्या एका अंध, वृद्ध गुलाम स्त्रीला त्यानें १८३५ सालीं "१६१ वर्षांची, वॉशिंग्टनची दाई" म्हणून लोकांपुढें मांडलें. पुढल्या वर्षीं ती वारली, तेव्हां तिच्या शवपरीक्षेलाही त्यानें तिकीट लावलें. आणि वय ऐशींच्या आंतलेंच निघालें. हा भाग मीं नातवाला सांगितला नाहीं.

१८४२ त न्यूयॉर्क येथें त्यानें आपलें संग्रहालय उघडलें. नाटकगृहांत कुलीन स्त्रिया पाऊल टाकीत नसत, म्हणून त्यानें आपल्या रंगमंदिराला "व्याख्यानगृह" म्हटलें, आणि नाटकेंच दाखविलीं! नांव बदलतांच मुलाबाळांसह सारें कुटुंब येऊं लागलें. चार्ल्स स्ट्रॅटन हा चार वर्षांचा, दोन फूट एक इंच उंचीचा मुलगा "जनरल टॉम थंब" म्हणून त्यानेंच जगापुढें आणला. जेनी लिंड या स्वीडिश गायिकेला दर जलशाचे एक हजार डॉलर कबूल करून, तिनें अमेरिकेंत एक सूर काढण्यापूर्वींच १,८७,५०० डॉलर लंडनच्या पेढीवर अनामत ठेवले. १८५० सालचा हा जुगार साधला, आणि बार्नम गडगंज झाला.

पुढें ब्रिजपोर्ट शहरालगत त्यानें वसाहत वसविली. तेथें जेरोम कंपनीचा घड्याळांचा कारखाना यावा म्हणून त्यानें तिच्या हुंड्यांवर सह्या दिल्या. मर्यादा एक लाख दहा हजारांची ठरली होती. परंतु कित्येक कागदांवर तारीखच नव्हती. १८५६ च्या आरंभीं हिशेब झाला, तों देणें पांच लाखांच्या वर! जगाला बनविणारा गृहस्थ कोऱ्या जागेनें बनला.

येथें मीं पुस्तक मिटलें होतें, तें मला आठवतें. माझ्या आतेभावासाठीं एका पतपेढीच्या कागदावर मींही अशीच सही केली होती. रकमेची जागा कोरी होती. "दादा, तुझा विश्वास नाहीं का?" एवढें त्याचें वाक्य मला पुरलें. वर्गांत मुलांना वाक्यांतील अध्याहृत पद शोधावयास लावणारा मी; कागदांतलें अध्याहृत मला दिसलें नाहीं. सात वर्षें पगारांतून कपात झाली. पत्नीच्या पाटल्या गेल्या, त्या गेल्याच.

बार्नमचें दिवाळें वाजलें, तेव्हां ज्याला त्यानें पैसा मिळवून दिला होता तो टॉम थंब आपण होऊन मदतीस आला. दोघे युरोपांत गेले, खेळ झाले. मग या दिवाळखोरानें इंग्लंडांत "द्रव्य कसें मिळवावें" यावर व्याख्यानें दिलीं, आणि त्यांतही द्रव्य मिळविलें! १८६० त संग्रहालय परत हातीं आलें. तें १८६५ त जळालें, दुसरें १८६८ त. सर्कस त्यानें काढली ती त्यानंतर, १८७१ त, साठीच्या उंबरठ्यावर. १८९१ सालीं तो वारला, तो पुन्हा धनाढ्य होऊन. त्याच्या नांवाची सर्कस २०१७ त बंद पडली; २०२३ पासून ती जनावरांवांचून पुन्हा सुरू झाली आहे.

हें सारें नातवानें लक्षपूर्वक ऐकलें. हत्तीची गोष्ट त्याला हवी होती. ती, म्हणजे १८८२ त दहा हजार डॉलरांना घेतलेल्या जंबोची, मीं दुसऱ्या दिवसावर ठेविली. तेव्हां त्यानें विचारलें, "मग आजोबा, तुमच्या वेळीं टॉम थंब नाहीं का आला?"

मी गप्प राहिलों. आंतून, पोळ्या लाटतां लाटतां, तिनेंच उत्तर दिलें :

"आला होता रे. यांचाच जुना विद्यार्थी, पाकीट घेऊन दारांत उभा होता. यांनीं त्याला चहाही न देतां परत पाठविला."